आडाच्या कट्ट्यापासून ग्रामसभेपर्यंत: आठवीच्या वर्गात गटप्रकल्प कसा घ्यावा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) काम करणारे एक पालक पालकसभेनंतर मागे थांबले. म्हणाले, “सर, मार्कांचं तुम्ही बघताच. पण पाळी बदलताना मशीनचं काय बिघडलंय ते पुढच्याला धड सांगता येणारी पोरं आम्हाला मिळंनात.”

तेव्हापासून ‘भविष्यातली कौशल्यं’ हा शब्द कानावर आला की मला ती पाळी आठवते. आपण काय केलं, कुठं चुकलं, काय राहिलं, हे दुसऱ्याच्या हाती असं सोपवायचं की त्याला तिथून पुढं काम करता यावं. यात विचार करणं आलं, बोलणं-लिहिणं आलं आणि समोरच्याची काळजीही आली. गटप्रकल्पातून मुलांना देण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, असं मला मनापासून वाटतं. पण नुसती चार मुलं एका बाकावर बसवली म्हणून ती आपोआप येत नाही.

हे मी स्वतः चूक करूनच शिकलो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत ‘पाण्याचे महत्त्व’ असा प्रकल्प दिला होता. पाच गट, पाच तक्ते. तीन तक्ते बाजारात तयार करून आणलेले होते, एक ताईनं काढलेला आणि एका गटाचं सगळं काम एकाच मुलीनं रात्री जागून केलेलं. सगळ्यांना सारखे गुण दिले. ती मुलगी काही बोलली नाही, पण पुढच्या प्रकल्पाला तिनं गटात जायला नकार दिला. तिचं बरोबर होतं. दोष विषयात होता आणि माझ्या आखणीत होता.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या आपल्या मराठी शाळांत वर्गात पंधरा-वीस मुलं असतात आणि पैसे जवळजवळ नसतात. ते धरूनच सहा आठवड्यांच्या एका प्रकल्पाची रीत पुढं देतो. उदाहरण गावातल्या आडांचं आहे, कारण ते मी पुन्हा पुन्हा घेतलं आहे. विषय तुमचा तुम्ही बदला.

प्रश्न कुणाचा, ते आधी ठरवा

प्रकल्पाचा विषय ‘विषय’ असून चालत नाही, तो प्रश्न असावा लागतो. आणि त्या प्रश्नाचं उत्तर शाळेबाहेरच्या निदान एका माणसाला हवं असावं. ‘पाण्याचे महत्त्व’ याचं उत्तर कुणालाच नको असतं. ‘गावातल्या कोणत्या आडाचं पाणी मार्चपर्यंत टिकेल?’ याचं उत्तर पंचायतीला हवं असतं, वरच्या गल्लीतल्या बायकांना हवं असतं, म्हशी असणाऱ्याला तर हवंच असतं. २०१९ पासून जलजीवन मिशनचे नळ आले आणि घरचे, गल्लीचे आड विसरले गेले. काहींवर जाळी पडली, काहींत कचरा पडला. नळाला चार दिवस पाणी आलं नाही की मग सगळ्यांना आडाची आठवण होते.

आपल्या भागात असे प्रश्न पावलोपावली आहेत. रताळ्याचा बांधावरचा दर आणि बेळगावच्या मार्केट यार्डातला दर यांत एका आठवड्यात किती फरक पडतो? वडगाव-शहापूरच्या मागावर एक साडी उतरायला किती तास जातात, आणि तिच्या किमतीतले किती पैसे विणणाऱ्याच्या हाती येतात? खानापूरकडच्या शाळेला कुंभारकाम आणि कौलांच्या भट्ट्या आहेत. हायस्कूलची मुलं ज्या बसनं जातात ती सकाळची बस महिन्यात किती दिवस थांब्यावर न थांबता पुढं जाते, हा तर मुलांचा स्वतःचाच प्रश्न आहे. नोंदी ठेवून विचारला की डेपोलाही तो ऐकून घ्यावा लागतो.

प्रश्न निवडताना मी तीन गोष्टी पाहतो. मुलांना चालत जाऊन माहिती मिळते का? त्यात मोजण्यासारखं काही आहे का? आणि मोबाइलवर शोधून तयार उत्तर मिळत नाही ना? शेवटची कसोटी आता फार महत्त्वाची झाली आहे. वृत्तचितीच्या घनफळाचं सूत्र मोबाइल सांगेल, निबंधही लिहून देईल. तुमच्या आजीच्या परसातल्या आडाला आज किती पाणी आहे, हे त्याला ठाऊक नाही. मुलानं तिथं जायलाच लागतं.

वेळ: सुगी ओळखून

जूनमध्ये शाळा सुरू होताच प्रकल्प घेऊ नका. पावसात आड तुडुंब असतात आणि कडेला निसरडं असतं. दसऱ्याच्या सुट्टीनंतर लगेचही नको, कारण भाताची कापणी-मळणी सुरू असते आणि निम्मी मुलं शिवारात असतात. सुगी उरकली की, म्हणजे साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळापर्यंत, सहा आठवडे मिळतात. पाणी खाली जायला लागलेलं असतं, त्यामुळं दर आठवड्याच्या मापात फरक दिसतो. दहावीच्या वर्गाला यात ओढू नका, आठवी उत्तम.

वेळापत्रकात गणित आणि समाज विज्ञानाचे आठवड्याचे दोन तास जोडून घ्या. बाहेर जायचं काम शनिवारी, सकाळच्या शाळेला. एफएच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनाच्या, गुणांत कृतींना जागा असतेच. हा प्रकल्प त्या कृती म्हणून धरला तर तुमचं आणि मुलांचं काम वाढत नाही. मुख्याध्यापकांना हे आधी कागदावर दाखवा. एसडीएमसीच्या, म्हणजे पालकांच्या शाळा समितीच्या, सभेत पाच मिनिटं बोला आणि प्रत्येक पालकाची सही असलेलं संमतिपत्र घ्या. आडाजवळ मुलं नेणार आहात, तेव्हा यात कुचराई नको.

गट कसे पाडावेत

फ्रेंच कृषी अभियंता माक्स रिंगेलमान यानं माणसांना दोर ओढायला लावून त्यांचं बळ मोजलं होतं. १९१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. दोराला माणसं वाढत गेली तसं प्रत्येकाचं ओढणं कमी होत गेलं. थोडं एकमेकांचा झोक न जुळल्यामुळं, थोडं ‘माझ्यावाचून काय अडतंय’ म्हणून. सात-आठ मुलांचा गट केला की वर्गात नेमकं हेच घडतं. म्हणून गट चौघांचाच. वीस मुलं असतील तर पाच गट आणि प्रत्येक गटाकडं दोन आड.

मित्रमित्रांचे गट पाडू नका, आणि हुशार-ढ असं मोजूनही नको. मी पाहतो ते एवढंच: प्रत्येक गटात दोन वेगळ्या गल्ल्या असाव्यात, मुलगे-मुली दोन्ही असावेत आणि कन्नड सहज बोलणारं निदान एक मूल असावं. कन्नडची गरज का, ते पुढं येईल.

मग कामं. एकाकडं माप, एकाकडं विचारपूस, एकाकडं हिशेब, एकाकडं नकाशा. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत १९७१ मध्ये एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञानं एक पद्धत वापरली. तिथं गोऱ्या आणि काळ्या मुलांना नव्यानंच एका वर्गात आणलं होतं आणि वर्गात तेढ होती. त्यानं धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा दिला. बाकीचा धडा हवा असेल तर सोबत्याचं ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आपणही तेच करायचं. माप घेणाऱ्यानं आकडा दिल्याशिवाय हिशेबाचं पान पुढं सरकता कामा नये. आठवड्यातून एकदा पाचही गटांचे माप घेणारे एकत्र बसवा, विचारपूस करणारे एकत्र बसवा. अडचणी तिथं सुटतात आणि उत्तर घेऊन प्रत्येक जण आपल्या गटाकडं परत येतो.

आपल्या मुलांना हे परकं नाही, हेही लक्षात घ्या. १९९५ मध्ये मैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात नली-कली हे आनंदानं, कृतीतून शिकणं सुरू झालं आणि पुढं राज्यभर गेलं. पहिली ते तिसरी मुलं गोल बसून, कार्डं हाताळत, एकमेकांना विचारत शिकतात. चौथीत आपण त्यांना रांगेत बसवतो. आठवीत फक्त ती जुनी सवय जागी करायची असते.

पहिला आठवडा वर्गातच

मुलांना लगेच बाहेर सोडू नका. आधी प्रश्न विचारायला शिकवा. “आज्जी, आडाचं पाणी चांगलं आहे का?” असं विचारलं की आज्जी “हाय की” म्हणते आणि संभाषण संपतं. वर्गात मी स्वतः आज्जी होऊन बसतो आणि मुलं मला विचारतात. एका शब्दात उत्तर देता आलं की प्रश्न बाद. हळूहळू प्रश्न सुधारतात. “पोहरा रिकामा वर आला असं शेवटचं कधी झालं?” “तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा इथं किती घरं पाणी भरायची?” “आड कुणी खणला, किती दिवस लागले?” तास संपेपर्यंत फळ्यावर दहा प्रश्न उरतात आणि ते मुलांचे स्वतःचे असतात.

बेळगावात टिळकवाडीतली काँग्रेस विहीर मी याच आठवड्यात सांगतो. महात्मा गांधी अध्यक्ष असलेलं काँग्रेसचं अधिवेशन १९२४ मध्ये बेळगावात झालं, तेव्हा जमणाऱ्या लोकांच्या पिण्याच्या पाण्यासाठी ती खणली. एक विहीर खणण्यामागं किती माणसांची गरज उभी असते, हे मुलांना त्यातून कळतं. मग ती आपल्या गल्लीतल्या आडाकडं वेगळ्या नजरेनं बघतात.

माप: इथं घाई नको

साहित्य थोडंच लागतं: ३० मीटरचा टेप, दर अर्ध्या मीटरला गाठ मारलेला दोर, त्याच्या टोकाला जड लोखंडी नट (आमच्याकडं तो एका पालकानं कारखान्यातून दिला), वही, पेन. कट्टा शाबूत असलेलेच आड निवडा. दोर आत सोडायचं काम शिक्षकानं किंवा मोठ्या माणसानं करायचं. मुलांनी कट्ट्यापासून एक पाऊल मागं उभं राहून आकडा वाचायचा आणि लिहायचा. कुणी वाकून बघायला लागलं तर काम तिथंच थांबवा, मग तो शनिवार वाया गेला तरी चालेल.

कट्ट्याच्या काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर आणि तळापर्यंतचं अंतर घ्यायचं. दोन्हींतला फरक म्हणजे पाण्याची खोली. प्रत्येक माप तीनदा घ्यायचं आणि तिन्ही आकडे लिहायचे. खोडायचं नाही. चुकला वाटला तरी आकडा तसाच ठेवून बाजूला शंका लिहायची.

एका वर्षी एका गटानं आडाचा घेर बाहेरून मोजला: १४.४४ मीटर. त्याला ३.१४ नं भागून व्यास ४.६ मीटर काढला. पाणी ३ मीटर खोल. हिशेब करणाऱ्या मुलीनं उत्तर काढलं: ३.१४ × २.३ × २.३ × ३, म्हणजे सुमारे ४९.८ घनमीटर, म्हणजेच ४९,८०० लिटर. शेजारच्या गटाचा तेवढाच दिसणारा आड होता आणि त्यांचं उत्तर ३७,६८० लिटर आलं होतं. वाद पेटला. मला चूक दिसत होती. मी एवढंच विचारलं, “दोघांनी टेप कुठून कुठं धरला, ते करून दाखवा.” करून दाखवताना दुसऱ्याच गटातला एक अबोल मुलगा म्हणाला, “सर, पाणी भिंतीत नसतंय.” भिंत दोन्ही बाजूंना ३० सेंटिमीटर जाड होती. व्यास ४ मीटरच होता. भिंत धरल्यामुळं बारा हजार लिटर पाणी जास्त आलं होतं. ट्रॅक्टरमागच्या पाच हजार लिटरच्या दोन टाक्या भरून वर उरावं एवढं.

मी तेव्हाच चूक सांगितली असती तर दोन मिनिटं वाचली असती. पण तो मुलगा त्या वर्षी वर्गात पहिल्यांदा आपणहून बोलला, आणि त्यानंतर बोलतच राहिला. प्रकल्पात शिक्षकाला हा संयम सांभाळावा लागतो, आणि सगळ्यात अवघड काम हेच आहे. उत्तर ओठांवर आलं की मी खिशात हात घालून उभा राहतो.

चिंचोके

प्रत्येक गटात एक बोलका असतो आणि एक गप्प. चर्चेच्या तासाला प्रत्येकाला तीन चिंचोके द्या. बोललं की एक चिंचोका मध्ये ठेवायचा. संपले की ऐकायचं. सगळ्यांचे संपेपर्यंत चर्चा संपत नाही. पहिल्या दिवशी बोलक्यांचे दोन मिनिटांत संपतात. तिसऱ्या वेळी ती मुलं चिंचोका हातात धरून विचार करताना दिसतात.

भांडण झालं तर गट मोडू नका. दोघांनी एकमेकांची तक्रार एकमेकांच्या शब्दांत सांगायची: “त्याचं म्हणणं असं आहे की...” आणि दुसऱ्यानं “हो, बरोबर सांगितलंस” म्हटल्यावरच आपलं म्हणणं मांडायचं. वेळ लागतो, पण पुढचे चार आठवडे वाचतात.

एक अवघड वळण

आडाबद्दल विचारायला गेलं की कधीतरी एखादी म्हातारी सांगते, “आमास्नी तिथं पाणी भरू देत नव्हते.” विचारपूस करणारी मुलं ते ऐकून वर्गात येतात, आणि त्याच वर्गात दोन्ही गल्ल्यांची मुलं असतात. हे टाळण्यासाठी विषयच नको, असं काही सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. आठवीतल्या मुलांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा १९२७ चा महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह सांगता येतो, तर आपल्या गावचं पाणी का नाही? फक्त तयारी करा. कुणाच्या घरानं काय केलं, अशी नावं लिहायची नाहीत. ‘त्या काळी या आडावर कोण पाणी भरत असे, आज कोण भरतं’ एवढं साध्या शब्दांत लिहायचं. आणि त्या दिवशी जे मूल गप्प होईल त्याच्याशी तास संपल्यावर स्वतः जाऊन बोला.

तिसऱ्या आठवड्याची पाळी

माझ्या मते सगळ्या प्रकल्पात हाच तास सगळ्यात मोलाचा आहे. तिसरा आठवडा संपला की कामं बदलायची. माप घेणारा हिशेबाला, हिशेबाची नकाशाला, याप्रमाणं. जुन्यानं नव्याला फक्त वही द्यायची, तोंडानं काही सांगायचं नाही. नव्यानं दहा मिनिटं वही वाचायची आणि त्यावरून पुढचं काम करून दाखवायचं.

पहिल्यांदा सगळे अडकतात. ‘खोली ८’ लिहिलेलं असतं. आठ काय? मीटर, फूट, हात? कुठून मोजलं? कोणत्या तारखेला? ‘शेजारच्या आज्जीनं सांगितलं’, पण कोणत्या गल्लीतल्या? ज्याची वही असते त्याला गप्प राहून हे सगळं बघावं लागतं, आणि तो कळवळतो. तास संपल्यावर जुन्या-नव्यांनी मिळून वही दुरुस्त करायची. पुढच्या आठवड्याच्या नोंदी तुम्ही पाहाच. कुणी न सांगता एकक येतं, तारीख येते, ‘पूर्वेच्या पायरीजवळून मोजलं’ असं येतं. फाउंड्रीतल्या त्या पालकांना मी अशी एक वही दाखवली तेव्हा ते म्हणाले, “हेच की ओ सर. आमच्या लॉगबुकात हेच पाहिजे असतंय.”

कन्नड अर्ज

पंचायतीत कागदोपत्री काम कन्नडमध्ये चालतं. त्यामुळं मुलांच्या माहितीचा उपयोग व्हायचा असेल तर पीडीओंच्या, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या, नावे एक पानी अर्ज कन्नडमध्ये लागतो. कन्नडच्या शिक्षकांना पहिल्या आठवड्यापासूनच सोबत घ्या, ऐन वेळी भाषांतराला बोलावू नका. गटातलं कन्नड बोलणारं मूल इथं पुढं येतं. अनेकदा तेच मूल मराठी निबंधात मागं असतं. “बावी एष्टु आळ इदे?” म्हणजे आड किती खोल आहे, हे ते बाकीच्यांना शिकवतं. ‘बावी’ आणि आपली ‘बाव’ एकाच घरातल्या, हे कुणाला तरी ऐकता ऐकता सुचतं. तीन भाषा आपल्या सीमेवरच्या मुलांच्या डोक्यावरचं ओझं आहेत असं आपण सारखं बोलतो. कामाच्या वेळी तेच त्यांचं भांडवल होतं, हे मुलांना एकदा अनुभवू द्या. मराठीतला अहवाल पूर्ण मराठीत आणि चांगल्या मराठीतच हवा, हेही तितकंच खरं. दोन्ही मसुदे दुसऱ्या गटाला वाचायला द्या. न कळलेल्या वाक्याखाली त्यांनी रेघ मारायची, मग पुन्हा लिहायचं. निदान दोनदा.

लोकांसमोर

मांडणी अधिकाऱ्यांच्या भेटीसाठी राखून ठेवू नका. कर्नाटकात ग्रामपंचायती मुलांची ग्रामसभा, मक्कळ ग्रामसभा, भरवतात. तुमच्या पंचायतीची तारीख आधी विचारून घ्या आणि सहावा आठवडा तिला जुळवा. ते जमलं नाही तर देवळाचा कट्टा आहेच. आदल्या दिवशी गावात सांगा, आणि ज्या आज्ज्यांनी माहिती दिली त्यांना पुढं बसवा. प्रत्येक गटाला सात मिनिटं. चौघंही बोलणार, आणि प्रत्येकानं सोबत्याच्या कामाबद्दल सांगायचं, स्वतःच्या नाही. एकमेकांचं ऐकलं होतं की नाही, ते तिथं उघड होतं.

आमच्याकडं एका सभेत पीडीओंनी विचारलं, “गाळ काढायचा झाला तर आधी कोणत्या दोन आडांचा?” एका आडाचं उत्तर मुलांनी आकड्यासह दिलं. दुसऱ्याबद्दल म्हणाली, “अजून दोन आठवडे मोजायला हवं.” मला त्या दुसऱ्या उत्तराचा जास्त अभिमान वाटला.

गुण

सगळ्यांना सारखे गुण देण्याची चूक पुन्हा करू नका. मी वीसपैकी आठ गुण प्रत्येकाच्या स्वतःच्या वहीला देतो. सहा तोंडी परीक्षेला, आणि तिथं प्रश्न मुद्दाम सोबत्याच्या कामावर विचारतो. चार गटाच्या अहवालाला. उरलेले दोन, वही सोपवल्यावर नव्याला ती किती उपयोगी पडली याला, आणि ते नवं मूल कारण लिहून देतं. सुंदर अक्षर, थर्माकोल, चमकी यांना गुण नाहीत, हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा. मग पालकांचा खर्चही वाचतो.

मोबाइल गटाला एकच, तोही पालकांचा, शनिवारपुरता: फोटोसाठी आणि आज्जीचा आवाज टिपण्यासाठी. आधी तिची परवानगी घेऊन.

वह्या कुठं ठेवायच्या

प्रकल्प संपला की वह्या मुलांना परत देऊ नका. मुख्याध्यापकांच्या कपाटात एक कप्पा मागून घ्या. जूनमध्ये नवी आठवी आली की सुगीनंतर त्याच आठवड्यात त्याच आडांवर तिला न्या आणि हातात आधी जुनी वही द्या. नववीत गेलेल्यांपैकी दोघांना एका शनिवारी बोलवा, पण पहिली दहा मिनिटं त्यांनी काही बोलायचं नाही. नव्या मुलांनी वही वाचून पूर्वेची पायरी शोधायची, दोर तिथून सोडायला सांगायचा आणि पहिला आकडा गेल्या वर्षीच्या आकड्याच्या शेजारी लिहायचा.